मुलांच्या इंग्रजीतील नेहमीच्या चुका : त्यांचे मूळ व उपाय

समजा, कात्रजच्या तलावाच्या बाजूस राहणारी चौथीतील एक मुलगी आहे. तिच्या घरी दोन म्हशी असून वडील रोज पहाटे डेअरीला दूध घालतात. शिक्षकांनी घराविषयी इंग्रजीत पाच वाक्ये लिहावयास सांगितली असता ती वहीत लिहिते, "माय फादर आर हॅविंग टू बफेलोज." शिक्षक "आर हॅविंग" ह्या शब्दांवर तांबडी रेघ ओढतात, वर "हॅज" असे लिहितात आणि पुढची वही हाती घेतात. वाक्य चुकले एवढे मुलीला कळते; ते का चुकले हे कळत नाही. आठ दिवसांनी ती तेच वाक्य पुन्हा तसेच लिहिते. तिसऱ्या खेपेस तिला वर्गासमोर उभे केले, तर ती चूक करण्याचे थांबवीत नाही. इंग्रजीत लिहिण्याचेच थांबविते.

ह्या एका वाक्यात दोन चुका आहेत, आणि दोहोंचेही मूळ मुलीच्या आळसात वा मंदपणात नाही. ते तिच्या मराठीत आहे. मराठीत वडिलांना एकवचन लावणे हा उद्धटपणा होय. "बाबा आले आहेत" असेच सुसंस्कृत मूल म्हणते. मराठीतील हे आदरार्थी बहुवचन तिने इमानाने इंग्रजीत नेले, आणि "इज"च्या जागी "आर" आला. दुसरी गोष्ट अशी की, मालकी दाखविण्यासाठी मराठीत स्वतंत्र क्रियापद नाही. "वडिलांकडे दोन म्हशी आहेत" ह्या वाक्यात क्रियापद "आहेत" हेच. "आहेत" म्हणजे "आर" हे मुलीला पाठ आहे आणि मालकीसाठी "हॅव" लागते हेही तिने ऐकले आहे. दोन्ही ठेवण्याच्या खटपटीतून "आर हॅविंग" जन्मास आले. म्हणजे मुलीने नियम मोडलेला नाही. एका भाषेचा नियम तिने दुसऱ्या भाषेत पाळला आहे.

शिक्षणशास्त्रात ही दृष्टी पिट कॉर्डर ह्या भाषाशास्त्रज्ञांनी १९६७ साली प्रसिद्ध केलेल्या एका निबंधामुळे विशेष पुढे आली. घाईत वा थकव्याने होणारी चूक निराळी आणि विद्यार्थ्याच्या मनात भाषेचा जो अपुरा नियम तयार झालेला असतो, त्यातून होणारी चूक निराळी, असा भेद त्यांनी केला. पहिल्या प्रकारची चूक विद्यार्थी स्वतः ओळखून सुधारतो. दुसऱ्या प्रकारची चूक त्याला दिसतच नाही, कारण त्याच्या लेखी ते वाक्य बरोबरच असते. तेथे तांबडी शाई पुरत नाही. समजावून द्यावे लागते.

महाराष्ट्रात मराठी शाळांतून इंग्रजी पहिलीपासून शिकविण्यास २००० साली आरंभ झाला. तत्पूर्वी अनेक वर्षे ती पाचवीपासून येत असे. आता सहा वर्षांचे मूल आपली मराठी पुरती घडत असतानाच इंग्रजी ऐकू लागते. कात्रजलगतची मांगडेवाडी, भिलारेवाडी, गुजर-निंबाळकरवाडी ही गावे २०२१ साली पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत आली. घाटाच्या अलीकडील व पलीकडील गावांतून अनेक मुले पुढील शिक्षणासाठी शहराकडे जातात. तेथे त्यांच्या बाकावर लहानपणापासून इंग्रजी ऐकलेली मुले बसलेली असतात. त्या बाकावर आपले मूल गप्प बसणार की बोलणार, हे पुष्कळ अंशी प्राथमिक शाळेतच ठरून जाते. म्हणून नेहमी आढळणाऱ्या चुकांचा मुळापासून विचार करणे अगत्याचे आहे.

१. "करत नाही" आणि चालू काळ

"मी चहा पीत नाही" हे मराठी वाक्य दोन अर्थांनी वापरता येते. चहा पिण्याची सवय नाही, हा एक अर्थ. ह्या क्षणी चहा पिण्याचे चालले नाही, हा दुसरा. इंग्रजीत ह्या दोन अर्थांना दोन निराळी रूपे आहेत. सवयीसाठी "आय डू नॉट ड्रिंक टी" आणि चालू क्रियेसाठी "आय ॲम नॉट ड्रिंकिंग टी". मराठीत रूप एकच असल्यामुळे मुले सर्वत्र दुसरे रूप वापरतात. "मला समजत नाही" ह्याचे "आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग" होते ते ह्याच वाटेने.

शिक्षकाने प्रथम मराठीतच प्रश्न विचारावा : "हे नेहमीचे की आत्ताचे?" नेहमीचे असल्यास "डू" किंवा "डझ", आत्ताचे असल्यास "इज", "ॲम" किंवा "आर". जाणणे, समजणे, आवडणे, हवे असणे, मालकीचे असणे ह्या अर्थांच्या क्रियापदांना चालू काळाचे रूप सहसा लावीत नाहीत, एवढी पुस्ती पुढे जोडावी. "हॅव" ह्याचा अर्थ जेवणे असा असेल तेव्हा मात्र "ही इज हॅविंग हिज लंच" हे वाक्य शुद्ध आहे. मालकी आणि जेवण ह्यांतील हा भेद मुलांना गंमतीचा वाटतो व लक्षात राहतो.

२. कर्त्यानुसार क्रियापद

"तो जातो, ती जाते, ते जातात" असे बिनचूक बोलणारे मराठी मूल "ही गो टू स्कूल" असे लिहिते, ह्याचे पुष्कळांना नवल वाटते. वस्तुतः मराठी मुलास कर्त्याप्रमाणे क्रियापद बदलण्याची सवय इंग्रज मुलापेक्षा अधिक असते. अडचण येते ती "एस" ह्या एका अक्षराने. नामाला लागले की ते अनेकवचन दाखविते आणि क्रियापदाला लागले की एकवचन! "द बॉय रन्स" आणि "द बॉइज रन" ही दोन वाक्ये फळ्यावर एकाखाली एक लिहावी आणि "एस" एका शब्दावरून दुसऱ्या शब्दावर कसा उडी मारतो, ते दाखवावे.

नकारार्थी वाक्यात ही खूण "डझ" ह्या शब्दात अगोदरच आलेली असते. म्हणून "ही डझ नॉट गो" असे म्हणावे. "डझ नॉट गोज" असे म्हणू नये. भूतकाळाची खूण "डिड" मध्ये असते. म्हणून "डिड नॉट गो", "डिड नॉट वेंट" नव्हे. "काळाची खूण वाक्यात एकदाच" हे सूत्र मुलांकडून पाठ करून घेतल्यास दोन्ही चुका एकदम आटोक्यात येतात. आदरार्थी बहुवचनाविषयी तर स्पष्टच सांगावे की, इंग्रजीत आदर क्रियापदाने दाखवीत नाहीत. "माय फादर इज" म्हटल्याने वडिलांचा मान कमी होत नाही.

३. अ, ॲन आणि द

मराठीत उपपदे नाहीत. म्हणून मुले ती गाळतात किंवा दिसेल तेथे "द" घालतात. तरीही मराठी कथेच्या आरंभी हाच भेद लपलेला आहे. "एका गावात एक म्हातारी होती. त्या म्हातारीला एक नातू होता." प्रथम उल्लेख करताना "एक" आणि ओळख झाल्यावर "ती". कात्रजच्या प्राणिसंग्रहालयाची सहल झाल्यावर मुलांना लिहावयास सांगावे : "वी सॉ अ टायगर. द टायगर वॉज स्लीपिंग." पहिल्या वाक्यात वाघ अनोळखी आहे; दुसऱ्यात तोच ओळखीचा झाला आहे. गावांच्या व शहरांच्या नावांना सामान्यतः उपपद लागत नाही. नद्यांच्या नावांना "द" लागते. म्हणून "पुणे इज ऑन द मुठा".

"अ" आणि "ॲन" ह्यांचा नियम अक्षराचा नसून उच्चाराचा आहे, आणि येथे देवनागरी लिपी शिक्षकाच्या मदतीस येते. इंग्रजी शब्द देवनागरीत लिहून पाहावा. त्याचा आरंभ स्वराने झाला तर "ॲन", व्यंजनाने झाला तर "अ". "अवर" म्हणजे तास, आरंभी स्वर. म्हणून "ॲन अवर". "युनिव्हर्सिटी", आरंभी "य". म्हणून "अ युनिव्हर्सिटी". "वन-रुपी कॉइन", आरंभी "व", म्हणून "अ". "एमएलए", आरंभी "ए", म्हणून "ॲन". रोमन अक्षरांकडे पाहून गोंधळणारे मूल देवनागरीकडे पाहून चुकत नाही. अपवाद सांगावयाचा तो "वर्ष" ह्या अर्थाच्या शब्दाचा. आपण तो "इयर" असा लिहितो, परंतु त्याचा खरा उच्चार "यिअर" असा आहे; म्हणून "अ यिअर" हेच बरोबर.

४. विभक्तीप्रत्ययांचे भाषांतर

मराठीत प्रत्यय व शब्दयोगी अव्यये नामाच्या मागून येतात. इंग्रजीत त्यांचे काम करणारे शब्द नामाच्या पुढे येतात. मुले ही अदलाबदल लवकर शिकतात, परंतु प्रत्येक प्रत्ययासाठी एकच इंग्रजी शब्द ठरवून टाकतात. "त्याला विचारले" म्हणून "आस्क्ड टु हिम". "तिच्याशी लग्न केले" म्हणून "मॅरीड विथ हर". "पावसाविषयी चर्चा केली" म्हणून "डिस्कस्ड अबाउट द रेन". "खोलीत शिरला" म्हणून "एंटर्ड इन द रूम". ह्या चारही ठिकाणी इंग्रजीत मधला शब्द नको. "आस्क्ड हिम", "मॅरीड हर", "डिस्कस्ड द रेन", "एंटर्ड द रूम" एवढेच पुरे.

"पासून" ह्या शब्दाची गोष्ट थोडी निराळी. "सोमवारपासून" आणि "दोन वर्षांपासून" ह्या दोहोंत मराठीत शब्द तोच. इंग्रजीत आरंभाचा क्षण सांगताना "सिन्स" आणि कालावधी सांगताना "फॉर". शिवाय मराठीत "मी दोन वर्षांपासून येथे राहतो" असा वर्तमानकाळ चालतो. इंग्रजीत तेथे "आय हॅव लिव्ह्ड हिअर फॉर टू इयर्स" असे म्हणावे लागते. असे शब्द सुटे न शिकविता क्रियापदासह जोडीने शिकवावे, म्हणजे प्रत्ययाचे भाषांतर करण्याचा मोह होत नाही.

५. प्रश्न, "हो" आणि "नाही"

मराठीत "तू कोठे चाललास?" हा प्रश्न विचारताना शब्दांचा क्रम साध्या वाक्याप्रमाणेच राहतो. म्हणून मुले "यू आर गोइंग व्हेअर?" असे विचारतात. इंग्रजीत प्रश्नशब्द आरंभी येतो आणि साहाय्यक क्रियापद कर्त्याच्या आधी जाते : "व्हेअर आर यू गोइंग?" हे पक्के झाले की दुसरी चूक सुरू होते. "तू कोठे चाललास, असे त्याने विचारले" ह्याचे "ही आस्क्ड मी दॅट व्हेअर आर यू गोइंग?" असे भाषांतर होते. मराठीत बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे ठेवून मागे "असे" जोडता येते, इंग्रजीत सर्वनाम, काळ आणि क्रम तिन्ही बदलतात, आणि प्रश्नचिन्ह जाते : "ही आस्क्ड मी व्हेअर आय वॉज गोइंग."

नकारार्थी प्रश्नाच्या उत्तराकडे फारच थोड्या शिक्षकांचे लक्ष जाते. "तू गृहपाठ केला नाहीस?" असे विचारल्यावर मराठी मूल प्रामाणिकपणे म्हणते, "हो, नाही केला." येथील "हो" विचारणाऱ्याच्या म्हणण्याला दुजोरा देतो. इंग्रजीत मात्र उत्तर वस्तुस्थितीस धरून असते, न केल्यास "नो, आय डिड नॉट." मूल "येस" म्हणते आणि ऐकणारा समजतो की गृहपाठ झाला आहे. पुढे तोच मुलाला खोटारडा ठरवितो. भाषेची चूक स्वभावाची चूक म्हणून गणली जाण्याचे ह्याहून वाईट उदाहरण नसेल.

६. एका शब्दाची अनेक कामे

"काढणे" हे क्रियापद घ्या. चित्र काढणे, फोटो काढणे, बँकेतून पैसे काढणे, दात काढणे, म्हशीचे दूध काढणे. इंग्रजीत ह्यासाठी अनुक्रमे "ड्रॉ", "टेक", "विथड्रॉ", "पुल आउट" आणि "मिल्क" अशी निरनिराळी क्रियापदे लागतात. "पंखा बंद कर" ह्याचे "क्लोज द फॅन" होते ते अशाच कारणाने. तेथे "स्विच ऑफ" हवे. परीक्षेच्या बाबतीत तर दोन भाषा उलट्या चालतात. मराठीत विद्यार्थी परीक्षा देतो आणि शिक्षक घेतो. इंग्रजीत विद्यार्थी परीक्षा "टेक" करतो. डोके दुखल्यास "माय हेड इज पेनिंग" न म्हणता "आय हॅव अ हेडेक" म्हणावे.

उलटपक्षी काही ठिकाणी मराठीच अधिक सूक्ष्म आहे. चुलत, मामे, आते आणि मावस ह्या सर्व भावंडांना इंग्रजीत "कझिन" हा एकच शब्द. "कझिन ब्रदर" असे लिहिणारे मूल मराठीतील नेमकेपणा सांभाळू पाहत असते. त्याला हसू नये. "कझिन" एवढेच पुरते, असे सांगावे. तसेच भारतीय इंग्रजीतील प्रत्येक वेगळा शब्द चूक नव्हे. "लाख" आणि "क्रोर" आपल्या इंग्रजी वृत्तपत्रांतून नित्य वापरले जातात, आणि भारतात रूढ झालेल्या "प्रीपोन" ह्या शब्दास ऑक्सफर्डच्या कोशातही जागा मिळाली आहे. चूक आणि रूढी ह्यांतील भेद शिक्षकाने जाणला पाहिजे.

७. विरामचिन्हे व मोठी अक्षरे

जुन्या मराठी लेखनात आजची विरामचिन्हे नव्हती. वाक्य संपल्याची खूण म्हणून फार तर दंड देत. स्वल्पविराम, पूर्णविराम, प्रश्नचिन्ह ही चिन्हे एकोणिसाव्या शतकात इंग्रजीवरून मराठीत आली. ती रूढ करण्याचे श्रेय मुख्यतः मेजर टॉमस कँडी यांना दिले जाते. १८४७ साली इंग्रजी–मराठी कोश प्रसिद्ध करणारे हेच ते गृहस्थ होत. म्हणून दोन्ही भाषांतील ही चिन्हे एकत्र शिकविता येतात, आणि मराठीतील उदाहरण अधिक लवकर पटते. "नाही आला तो" आणि "नाही, आला तो" ही दोन वाक्ये फळ्यावर लिहावी. एका स्वल्पविरामाने न आलेला माणूस आलेला होतो. हे ज्याने पाहिले, तो इंग्रजीतही स्वल्पविराम वाटेल तेथे टाकणार नाही.

खरोखर नव्या गोष्टी दोनच. पहिली मोठी अक्षरे. देवनागरीत लहान-मोठ्या अक्षरांचा भेद नाही; म्हणून वाक्याचा आरंभ, विशेषनाम, वार व महिना, आणि "मी" ह्या अर्थाचा "आय" ह्या चार जागा मुद्दाम गिरवून घ्याव्या. दुसरी म्हणजे शब्दाच्या डोक्यावरील लोपचिन्ह. ते मालकी दाखविते किंवा गाळलेले अक्षर दाखविते. अनेकवचन कधीही दाखवीत नाही. सडकेच्या कडेच्या दुकानांवर फळे व भाज्या ह्यांच्या इंग्रजी नावांत "एस"च्या आधी हे चिन्ह पुष्कळदा दिसते. अशा पाट्या शोधण्याचा खेळ मुलांना द्यावा. मात्र दुकानदाराची थट्टा होणार नाही, हे पाहावे. "इट्स" ह्या शब्दाची कसोटी सोपी आहे. त्या जागी "इट इज" म्हणून पाहावे. अर्थ लागला तर चिन्ह हवे; "द काऊ मूव्ड इट्स टेल" ह्या वाक्यात अर्थ लागत नाही, म्हणून चिन्ह नको.

शिक्षकाने काय करावे

एका वहीत दहा चुका आढळल्या तर दहाही तांबड्या करू नयेत. त्या आठवड्यात शिकविलेला एक नियम निवडावा आणि त्याच्याच चुकांवर खूण करावी. बाकीच्या तूर्त सोडून द्याव्या; त्यांची पाळी पुढे येईल. दुसरे, प्रत्येक वर्गासाठी चुकांची एक वही ठेवावी. मुलांची नावे न लिहिता फक्त वाक्ये टिपावी आणि त्यांच्यासमोर ती कोणत्या मराठी वाक्यावरून आली ते लिहावे. दोन महिन्यांत ध्यानात येईल की, शेकडो चुका मूळच्या पंधरा-वीस वळणांच्याच आहेत. तिसरे, तोंडी बोलताना मुलाला मध्येच तोडू नये. "ही गो टू मार्केट" असे मूल म्हणाले, तर "येस, ही गोज टु द मार्केट" असे सहज उत्तर द्यावे. शुद्ध वाक्य कानावर जाते आणि मुलाचे बोलणे थांबत नाही.

चौथी गोष्ट शिक्षकाच्या स्वतःविषयी आहे. ह्या लेखातील काही वाक्ये वाचताना आपणही असेच बोलतो, असे अनेकांच्या ध्यानात येईल. त्यात शरमेचे काही नाही. इंग्रजी बहुतेकांच्या वाट्यास भाषांतराच्या मार्गानेच आली. परंतु एका मुलाची चूक एका वहीत राहते आणि शिक्षकाची चूक चाळीस वह्यांत जाते. शंका आली की उदाहरणवाक्ये देणारा कोश उघडावा, आणि चूक आढळल्यास वर्गासमोर सांगावे, "काल मी चुकीचे सांगितले, आज दुरुस्त करू." चूक कबूल केल्याने माणूस लहान होत नाही, हे मुलांना त्या दिवशी इंग्रजीबरोबरच शिकावयास मिळते.

हेच धोरण मराठीच्या तासालाही लागू आहे. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ पासून प्रमाण मानले जातात, आणि ते शिकविलेच पाहिजेत. परंतु घरी "पानी" म्हणणारे मूल अशुद्ध नसते. त्याच्या घरची बोली निराळी असते. घरच्या भाषेचा मान राखून प्रमाण भाषा शिकविणे आणि मराठीचा मान राखून इंग्रजी शिकविणे हे एकच काम आहे.

आरंभीच्या मुलीकडे पुन्हा वळू. तिच्या वहीवर रेघ ओढण्यापूर्वी शिक्षकांनी तिला विचारावे, "हे मराठीत कसे म्हणशील?" ती म्हणेल, "बाबांकडे दोन म्हशी आहेत." मग त्यांनी सांगावे, "तुझे मराठी बरोबर आहे. इंग्रजीत एवढाच फरक, की वडील एकटे म्हणून एकवचन, आणि 'कडे आहेत' ह्या सर्वांच्या जागी 'हॅज' हा एकच शब्द." ह्याला दोन मिनिटे लागतात. पण ती दोन मिनिटे मिळाली, तर मुलगी तिसरी म्हैस विकत घेतल्याचे वाक्यही आपणहून लिहील.